बुवा विसरतात असं ठरलं

दीप्ती : चहा नंतर. आई, तू आधी गॅस बंद कर आणि इथे येऊन बस. मंगळवारी दुपारी पप्पा कुठे होते?

प्रेमा : हा काय प्रश्न झाला? तुझ्याकडे होते, मुलुंडला. सईचा वाढदिवस नव्हता? तूच वाढलंस त्यांना आणि मला विचारतेस!

दीप्ती : आणि त्यांचा फोन?

प्रेमा : फोन घरी राहिला. विसरले. हल्ली विसरतातच ना. म्हणून तर तू आज त्यांना पार्ल्याच्या डॉक्टरांकडे नेतेयस.

दीप्ती : बरोबर. मग हे बघ. बँकेचा मेल. पप्पांचं नेटबँकिंग मी चालू करून दिलं होतं, तेव्हा ईमेल माझा टाकला होता. म्हणून हे मेल मला येतात. मी कधी उघडत नाही. आज टॅक्सीत बसल्या बसल्या उघडले. म्हटलं, डॉक्टरांना सांगता येईल, पप्पा कितीदा पासवर्ड विसरून बदलतात ते. वाच. ‘आपला पासवर्ड बदलण्यात आला आहे.’ मंगळवार, दुपारी. तेव्हा पप्पा माझ्या घरी सईच्या शेजारी बसून श्रीखंड खात होते.

प्रेमा : असेल काहीतरी. मशीनचं काय सांगावं.

दीप्ती : मशीन स्वतःहून पासवर्ड बदलत नाही. त्याला फोनवर ओटीपी यावा लागतो. फोन या घरात होता आणि घरात तू होतीस.

प्रेमा : मला कुठे जमतंय तसलं! मला व्हॉट्सॲपवर सकाळची फुलं पाठवता येतात, तेवढंच.

दीप्ती : ओटीपी वाचून दाखवता येतो ना?

प्रेमा : आवाज खाली घे. जानकीची खिडकी उघडी असते.

दीप्ती : ऐकू दे जानकीमावशीला. आई, माझ्याकडे बघ. कोणाला वाचून दाखवलास?

प्रेमा : तुझ्या भावाला, सुबोधला. झालं समाधान? त्याने मरोळहून फोन केला, ऑफिसातून. म्हणाला, पप्पांच्या फोनवर आकडे येतील ते वाच. मी वाचले. म्हणाला, मेसेज पुसून टाक. पुसला.

दीप्ती : म्हणजे पासवर्ड सुबोधने बदलला. आणि फोन? पप्पा खरंच विसरले होते?

प्रेमा : पिशवीत होता. मी काढून ठेवला.

दीप्ती : आई!

प्रेमा : त्याशिवाय आकडे कुठून वाचणार होते मी?

दीप्ती : तुला माहितीये का त्यांचं काय झालं माझ्याकडे? पोचल्याचं तुला कळवायला म्हणून पिशवीत हात घातला. मग सगळी पिशवी पलंगावर उलटी केली. नॅपकिन, चष्म्याचं घर, सईला द्यायचं पाकीट, एकेक वस्तू परत परत उचलून बघत होते. मग बाल्कनीत जाऊन बसले. देवेश मला म्हणाला, अगं, यांचं वाढत चाललंय. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले, आई.

प्रेमा : मला काय माहीत, ते तिथे फोन शोधत बसतील.

दीप्ती : माझ्याकडे नुसते पासवर्ड बदलल्याचे मेल आहेत ढीगभर. यातले सुबोधचे किती?

प्रेमा : मोजलेत कोणी.

दीप्ती : कधीपासून चाललंय हे?

प्रेमा : दिवाळीच्या आधी त्या भामट्यांचा फोन आला ना, तेव्हापासून.

दीप्ती : ते डिजिटल अरेस्टवाले? पण मला तर सांगितलंत की सुबोध वेळेवर घरी आला, काही गेलं नाही, प्रकरण मिटलं.

प्रेमा : तुला सगळं कुठे सांगितलं. सकाळी चहा झाला आणि यांनी आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. मला वाटलं, भजनाची नवीन चाल बसवतायत. जेवायची वेळ टळली. दार ठोकलं, तर आतून म्हणतात, प्रेमा, जा, मी साहेबांशी बोलतोय. मी फटीतून बघितलं. फोन डब्याला टेकवून उभा केलेला, त्यात कोण तो वर्दी घातलेला, आणि हे समोर ताठ बसलेले. होय साहेब, नाही साहेब. लघवीला जायची परवानगी मागत होते गं त्याच्याकडे. भजनाच्या सामन्यात अख्खी रात्र समोरच्या बुवाला घाम फोडणारा माणूस! संध्याकाळी सुबोध आला, दार ढकललं, फोन हिसकावून घेतला. तोवर यांनी बँकेचा पासवर्ड त्याला सांगून टाकला होता.

दीप्ती : मग पासवर्ड बदलला ते बरोबरच केलं. त्याच क्षणी बदलायला हवा होता. पण पप्पांना सांगून!

प्रेमा : सांगायचं कसं? चार दिवस ताटावर बसून नुसती बोटं फिरवत होते. पेटीला हात लावला नाही. सुबोध म्हणाला, आत्ता त्यांना कळलं की आपण बँक त्यांच्या हातातून काढून घेतली, तर खचतील. थोडे दिवस जाऊ दे. मग एकदा यांनी लाइटचं बिल भरायला मोबाइल उघडला. पासवर्ड चालेना. मला हाक मारली, प्रेमा, हा घेत का नाही?

दीप्ती : तू काय म्हणालीस?

प्रेमा : म्हटलं, त्या गडबडीत तुम्हीच बदलला असाल. आणि विसरला असाल.

दीप्ती : एवढंच?

प्रेमा : एवढंच. तोंडातून निघून गेलं. मला वाटलं, भांडतील माझ्याशी. सहदेव बुवा विसरतो म्हणजे काय, म्हणून घर डोक्यावर घेतील. तर ते म्हणाले, असेल. लगेच म्हणाले, असेल.

दीप्ती : आणि मग?

प्रेमा : मग बँकेत जाऊन नवीन करून आले. दोन दिवसांनी सुबोधने तो बदलला. हे परत बँकेत गेले. तिथली मुलगी म्हणाली, आजोबा, पुढच्या वेळी घरातलं कोणीतरी सोबत आणा. ते घरी येऊन मला सांगताना हसत होते. हसायला काही जमत नव्हतं, पण हसत होते.

दीप्ती : आणि तरी तुम्ही थांबला नाहीत?

प्रेमा : कसं थांबायचं? त्या लोकांचे फोन नंतरही यायचे. कधी या नंबरवरून, कधी त्या. एकदा मी उचलला, तर पलीकडचा मला ताई म्हणतो आणि विचारतो, बुवा आहेत का घरात? बुवा म्हणाला गं! यांनी त्याला आपलं सगळं पुराण सांगितलेलं. मी घाबरले. एवढंच आहे आमच्याकडे, दीप्ती. यांचं आणि माझं म्हातारपण त्यातच आहे.

दीप्ती : घाबरलीस, ते समजतं मला. पण दुसरे उपाय होते ना! खात्यावर मर्यादा घालता येते. तुझं नाव जोडता येतं. माझे सगळे पासवर्ड एका ॲपमध्ये आहेत, त्याला एकच मोठा पासवर्ड. तो मला माहीत आणि देवेशला माहीत. मला काही झालं तर तो उघडेल, त्याला झालं तर मी. लक्षात ठेवायला एकच, आणि लपवाछपवी नाही. पप्पांना समोर बसवून हे समजावलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं.

प्रेमा : तुला देवेशने सांगितला. मला यांनी कधी सांगितला?

दीप्ती : म्हणजे?

प्रेमा : लग्नाला इतकी वर्षं झाली. एकदा, एकदाच मी विचारलं, उद्या तुम्हाला काही झालं तर मी काय करू, पासवर्ड सांगून ठेवा. तर म्हणाले, तो डोक्यात आहे आणि डोक्यातच राहील. आणि त्या वर्दीतल्या चोराला? एका दिवसात सांगितला. मला नाही, त्याला! माका राग इलो. होय, इलो. का येऊ नये?

दीप्ती : म्हणून त्यांना वेडं ठरवलंस?

प्रेमा : वेडं नाही गं ठरवलं. पण आता खरंच सांगते, तू काय म्हणायचं ते म्हण. मला बरं वाटलं. आता विचारतात मला. प्रेमा, आज वार कुठला? प्रेमा, बीपीची गोळी घेतली का मी? स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसतात. एवढ्या वर्षांत कधी शनिवार-रविवारी हा माणूस घरात दिसला होता? आज या मंडळाचं भजन, उद्या त्या वाडीची डबलबारी, दोन बुवांचा सामना. मी झोपायचे, तेव्हा हे निघायचे. आता मी भाजी निवडते, ते शेंगा सोलून देतात. बोलत बसतात.

दीप्ती : आई, ते तुझ्याजवळ बसत नाहीत. ते घाबरून बसतात.

प्रेमा : माहीत आहे मला.

दीप्ती : माहीत आहे?

प्रेमा : बायको आहे मी त्यांची. माहीत कसं नसेल.

दीप्ती : मग आज काय करणार होतीस? डॉक्टर त्यांच्या डोक्याचे फोटो काढणार, गोळ्या देणार, आणि तू बाजूला बसून पदराने डोळे पुसणार?

प्रेमा : मी सुबोधला सकाळी म्हटलं, अपॉइंटमेंट नको. तो म्हणाला, वय झालंच आहे, तपासून घेतलं तर बिघडतं कुठे. त्यालाही आता वाटायला लागलंय की खरंच काहीतरी आहे. घाटकोपरला झालं त्यानंतर.

दीप्ती : काय झालं घाटकोपरला? मला पप्पा एवढंच म्हणाले की आवाज लागला नाही.

प्रेमा : आवाज कसला. डबलबारी होती. गजर मस्त झाला. मग जो अभंग हे आपली चाल लावून कायम म्हणतात, तो सुरू केला आणि दुसऱ्या कडव्याला अडले. कोरसवाले धृपद घोळवत राहिले, परत परत. हे पेटीवर बोटं ठेवून नुसते बघत होते. समोर कागद ठेवत नाहीत ना कधी, त्याचाच तर मान होता. आणि पलीकडचा बुवा, तरणा पोरगा, माइकमध्ये म्हणतो, बुवा, ओटीपी येईपर्यंत थांबतो आम्ही! सगळी पब्लिक हसली. डबलबारीत टोमणे असतातच, त्याला बिचाऱ्याला काय माहीत. पण हे कसे झाले, ते कोरसातल्या सुयोगने येऊन मला सांगितलं.

दीप्ती : आणि रविवारची बारी?

प्रेमा : सुपारी परत पाठवली. आत्ता पेटी घेऊन सुयोगकडेच गेलेत. म्हणाले, त्याला सांगतो, पेटी तुला दिली, परत आणून देऊ नको.

दीप्ती : पेटी दिली? आजोबांची पेटी? आई, आता ते आले की तू सांगायचंस. आजच. मी सांगणार नाही, तू सांगायचंस.

प्रेमा : सुबोध आल्यावर सगळे मिळून सांगू.

दीप्ती : नाही.

प्रेमा : ते मला टाकून बोलले तर?

दीप्ती : तर ऐकून घे.

(दार उघडं आहे. सहदेव आत येतो, चपला काढतो. इस्त्रीचा सदरा, हात रिकामे.)

सहदेव : कोण, दीप्ती? पोचलीस पण! लिंक रोडला गाड्या नव्हत्या वाटतं. मी तयार आहे हा. दाढी केली, रिपोर्टांची पिशवी दाराला अडकवलीय, चष्मा खिशात. प्रेमा, पिशवी दारालाच आहे ना?

प्रेमा : आहे.

सहदेव : येताना मी अभ्यासही केला. आमच्या मंडळाच्या पखवाजीला याच डॉक्टरांकडे नेलं होतं ना, त्याने सांगितलं काय काय विचारतात. शंभरातून सात वजा करत जायचं. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट, अठ्ठावन्न. बघ, चालीत बसवलंय. मग तीन वस्तू सांगतात आणि थोड्या वेळाने परत विचारतात. ते कसं पाठ करायचं, तेवढं कळलं नाही.

दीप्ती : पप्पा, ते पाठ करून जायचं नसतं.

सहदेव : मग काय, नापास होऊ? मला आत ठेवून घेतलं म्हणजे?

दीप्ती : कोणी ठेवून घेणार नाही. बसा तुम्ही. इथे, आईच्या समोर. आई.

प्रेमा : अहो, पाणी देऊ?

सहदेव : काय झालंय? सुबोध ठीक आहे ना?

प्रेमा : ठीक आहे. अहो... तुम्ही पासवर्ड विसरला नव्हता.

सहदेव : कुठला?

प्रेमा : कुठलाच. बँकेचा. सुबोध बदलत होता. त्या वर्दीवाल्याचा फोन आला तेव्हापासून. तुम्ही बँकेतून नवीन करून आणायचात, तो परत बदलायचा. आकडे तुमच्या फोनवर यायचे, ते मी त्याला वाचून दाखवायचे. तुम्ही आंघोळीला गेलात की. आणि मी तुम्हाला म्हणायचे, तुम्ही विसरलात.

सहदेव : तू म्हणायचीस.

प्रेमा : मीच.

सहदेव : म्हणजे मी विसरलो नव्हतो.

प्रेमा : नव्हता.

सहदेव : थांब हा. मला नीट समजू दे. दिवाळीनंतरच्या सोमवारी बँकेत जाऊन केला, तो मला आठवत होता. रात्री झोपताना मी मनात म्हणून बघायचो. सकाळी टाकला की चुकीचा. तो बरोबर होता?

दीप्ती : बरोबर होता, पप्पा. पण तोवर बदललेला असायचा.

सहदेव : हं. आणि मंगळवारी फोन?

प्रेमा : मी पिशवीतून काढला.

सहदेव : मी ठेवला होता ना? ठेवल्याचं मला आठवत होतं. नॅपकिनच्या घडीत ठेवला होता, खरचटू नये म्हणून.

प्रेमा : होय. तिथेच होता.

सहदेव : आणि चष्मा फ्रिजमध्ये मिळाला, तो?

प्रेमा : तो तुम्हीच ठेवलेला. दूध ठेवायला गेलात तेव्हा. ते खरं आहे, शप्पथ.

सहदेव : आणि जानकीच्या पुतण्याचं लग्न? मला वाटलं, तू तारीख सांगितली असशील, मीच विसरलो असेन. जानकी अजून माझ्याशी धड बोलत नाही.

प्रेमा : ती माझ्याकडून सांगायचीच राहिली होती.

सहदेव : मग तसं म्हणायचं होतंस.

प्रेमा : तुम्ही स्वतःच म्हणालात की मी विसरलो असेन. मी फक्त गप्प बसले. सोपं झालं होतं ओ. काहीही राहिलं की तुमच्यावर जायचं. तुम्हीही घ्यायचात.

सहदेव : घरातली सगळी विसराविसरी माझ्या नावावर.

दीप्ती : पप्पा, मला माफ करा. मलाही वाटत होतं. मी तुमच्याशी हळूहळू बोलायला लागले होते, लहान मुलाशी बोलतात तसं.

सहदेव : ते कळत होतं मला. म्हटलं, बिचारी जपून बोलतेय.

प्रेमा : तुम्ही माका काय ता बोला. पण असे शांत बसू नका.

सहदेव : काय बोलू? तो वर्दीवाला एक दिवस खोटं बोलला, प्रेमा. त्याला माझे पैसे हवे होते, ते निदान समजतं. तुका काय होया होता?

प्रेमा : तुम्ही सुरक्षित असावेत, एवढंच.

दीप्ती : आई.

प्रेमा : आणि तुम्ही घरात असावेत. आणि तुम्ही त्याला सांगितलात, मला कधी सांगितला नाहीत, त्याचा राग होता. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

सहदेव : तुला नाही सांगितला, ते खरं. आता सांगतो का ते. गिरणीत होतो, ती गेली. मरोळला सुपरवायझर झालो, ती कंपनीही उठून गेली. गावच्या घरात भावांचं चालतं. हे घर सुबोध चालवतो आणि तू. मी म्हटलं, डोकं तेवढं माझं आहे. त्यात अभंग, त्यात चाली, त्यात बँकेचा पासवर्ड. तिथे कोणी हात घालणार नाही. वेडेपणा म्हण हवं तर. पण माझं म्हणायला तेवढंच होतं, आणि तुम्ही नेमका तिथेच हात घातलात.

प्रेमा : चुकलं माझं.

सहदेव : आता पासवर्ड काय आहे?

प्रेमा : मला माहीत नाही.

सहदेव : तुला माहीत नाही?

प्रेमा : सुबोधने सांगितला नाही. म्हणाला, तुझ्या तोंडून जाईल.

सहदेव : म्हणजे तुझ्यावरही भरवसा नाही. वा रे वा! आम्ही दोघं म्हातारी बाहेर आणि चावी त्याच्याकडे.

दीप्ती : मी आत्ता त्याला फोन लावते. पाच मिनिटांत पासवर्ड तुमच्या हातात देतो की नाही बघा.

सहदेव : लावू नको. कामावर भांडण नको. आणि दीप्ती, मी त्या चोराला पासवर्ड सांगितला होता, हे कोणी खोटं करू शकत नाही. तो मी सांगितला. माझ्याच तोंडाने. सुबोधला भीती वाटली, त्यात चूक नाही. रात्री सगळे बसून बघू. तिघांची नावं घालू, मर्यादा घालू, काय करायचं ते करू. मला त्याचं एवढं नाही.

दीप्ती : मग?

सहदेव : घाटकोपरला मी अडलो, ते कोणी केलं?

प्रेमा : तिथे मी काय करणार ओ? मी घरात होते.

सहदेव : तेच विचारतोय. ते माझं स्वतःचं होतं का?

दीप्ती : पप्पा, ते भीतीमुळे झालं. चार महिने कोणी रोज सांगितलं की तू विसरतोस, तर कोणीही अडेल. मीही अडेन.

सहदेव : तसं असेल. किंवा नसेलही. ते कडवं माझ्या तोंडात झोपेतही असायचं, दीप्ती. त्या रात्री तिथे काहीच नव्हतं. मागे कोरस, समोर माणसं, आणि डोक्यात नुसती पांढरी भिंत. त्या वेळी मी काय म्हटलं मनात, सांगू? म्हटलं, बरोबर आहे प्रेमाचं. आता तू सांगतेस की प्रेमाचं बरोबर नव्हतं. मग त्या भिंतीचं काय करू?

दीप्ती : काही करू नका. सुयोगकडून पेटी परत आणू. रविवारची सुपारी परत घेऊ. ते लोक आनंदाने देतील.

सहदेव : आणि परत अडलो तर? या वेळी कोणाचं नाव सांगू?

प्रेमा : तुम्ही अडणार नाही. मी सांगते ना, तुम्ही अगदी ठीक आहात.

सहदेव : तू सांगतेस.

प्रेमा : होय, मी सां...

सहदेव : बघ, आता तुझं तुलाच ऐकू आलं.

दीप्ती : बरं, ते राहू दे. मी डॉक्टरांकडे फोन करून अपॉइंटमेंट रद्द करते. आता जायचं कारणच उरलं नाही.

सहदेव : रद्द करू नको.

दीप्ती : पप्पा, पण तुम्ही विसरला नव्हता ना!

सहदेव : चष्मा फ्रिजमध्ये मीच ठेवलेला. कडवं मीच विसरलो. बाकीचं तुम्ही केलंत. त्यात माझं किती आणि तुमचं किती, ते मला आता वेगळं काढता येत नाही. तू म्हणशील, पप्पा ठीक आहेत. ही म्हणेल, ठीक आहेत. सुबोध येईल, पाया पडेल, तोही म्हणेल. तुम्ही सगळे प्रेमाने बोलाल आणि मला त्यातलं काहीच खरं वाटणार नाही. डॉक्टरला मी कोण, ते माहीत नाही. माझी काळजी नाही, माझा राग नाही. परका माणूस जे सांगेल, ते मी ऐकेन. टॅक्सी बोलाव.

दीप्ती : बोलावते. पप्पा, ते सात-सात वजा करायचं पाठ केलेलं त्यांना म्हणून दाखवू नका हां. मग काहीच कळणार नाही.

सहदेव : खरं आहे. सांगून टाकतो त्यांना आधीच. म्हणतो, हे मी पाठ केलंय, दुसरं विचारा.

प्रेमा : मी येऊ?

दीप्ती : आई, तू आज घरी थांब.

सहदेव : येऊ दे तिला. माझ्यापेक्षा तिचीच झोप गेलेली दिसतेय.

प्रेमा : साडी बदलून येते. दोन मिनिटं.

सहदेव : प्रेमा.

प्रेमा : काय ओ?

सहदेव : तिथे मी अडलो, तर उत्तर तू सांगू नकोस.